फ्यूज शाबूत, जोड मात्र जळालेला

मालवण, देवबाग, आचरा, वेंगुर्ले या किनारपट्टीवरच्या मोटार गॅरेजांत, विशेषतः पावसाळा संपता संपता, एक तक्रार हमखास येते. गाडीचे दिवे मंद झालेले असतात किंवा पंखा मध्येच थांबत असतो. मेकॅनिक फ्यूज बॉक्सचे झाकण उघडतो. आतले प्लास्टिक करपून तपकिरी झालेले असते आणि एका फ्यूजचे पाय जिथे बसतात ती जागा वितळून वाकडी झालेली असते. तो फ्यूज उपटून उजेडात धरावा, तर आतली पट्टी धडधाकट! अशा वेळी गाडीच्या मालकाच्या तोंडून साहजिकच प्रश्न येतो, "फ्यूज उडाक नाय, मगे खोको कसो वितळलो?"

प्रश्न अगदी रास्त आहे. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की वितळतार वितळते, मंडल खंडित होते आणि पुढचे नुकसान टळते, असे आपण शाळेत शिकवतो. हे विधान बरोबरच आहे. पण त्यावरून विद्यार्थी, आणि पुष्कळदा मोठी माणसेही, एक चुकीचा निष्कर्ष काढतात : फ्यूज गेला नाही, म्हणजे मंडलात कुठेही काही धोकादायक तापलेले नाही. हा निष्कर्ष चुकीचा का, हे समजायला ओहमचा नियम आणि जूलचा नियम एवढी शिदोरी पुरते. दोन्ही नियम दहावीपर्यंत शिकवून झालेले असतात.

फ्यूजला काय कळते?

तारेतून प्रवाह वाहताना निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते, हा जेम्स जूल यांनी १८४१ साली प्रसिद्ध केलेला नियम. फ्यूज म्हणजे मुद्दाम बारीक ठेवलेली धातूची पट्टी. हल्लीच्या गाड्यांतला दोन चपट्या पायांचा रंगीत फ्यूज १९७६ साली बाजारात आला. त्याची पट्टी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असते. लाल रंग म्हणजे १० अँपियर, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३०.

हा फ्यूज नेमका कधी उडतो? आकड्याएवढा प्रवाह झाला की लगेच, असे समजू नका. ११० टक्के प्रवाह त्याने किमान १०० तास सहन करावा अशी अपेक्षा असते. १३५ टक्के प्रवाह असेल तर तो उडायला १० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. दुप्पट प्रवाह झाला, तर मात्र ५ सेकंदांच्या आत तो उडतो. फ्यूज स्वतःमधून जाणारा प्रवाहच ओळखतो. त्याच्यापासून दोन हातांवर असलेला जोड किती तापला आहे, हे कळण्याचे कोणतेही साधन त्याच्याकडे नाही.

वाईट जोड काय करतो?

आता एक हिशेब करू. ६० वॅटचे दोन हेडलाइट, म्हणजे १२० वॅट. बॅटरी १२ व्होल्टची. म्हणून प्रवाह १० अँपियर आणि दिव्यांचा एकत्रित रोध १.२ ओहम. या मंडलात १५ अँपियरचा फ्यूज आहे असे समजू. दोन्ही दिव्यांचा प्रवाह ज्या एका जोडातून जातो, त्या जोडाचा रोध गंजामुळे हळूहळू वाढत चालला आहे. दिव्याच्या तारेचा रोध तापमानाप्रमाणे बदलतो, पण सोपेपणासाठी तो १.२ ओहमच धरू. मग असे चित्र मिळते :

जोडाचा रोध ०.०१ ओहम : प्रवाह ९.९ अँपियर : जोडातली उष्णता १ वॅट
जोडाचा रोध ०.१ ओहम : प्रवाह ९.२ अँपियर : जोडातली उष्णता ८.५ वॅट
जोडाचा रोध ०.४ ओहम : प्रवाह ७.५ अँपियर : जोडातली उष्णता २२.५ वॅट
जोडाचा रोध १.२ ओहम : प्रवाह ५ अँपियर : जोडातली उष्णता ३० वॅट
जोडाचा रोध ४.८ ओहम : प्रवाह २ अँपियर : जोडातली उष्णता १९.२ वॅट

मधला आणि शेवटचा रकाना पुन्हा एकदा पाहा. जोड बिघडत जातो तसा प्रवाह कमी कमी होत जातो. जोडातली उष्णता मात्र आधी वाढते, जोडाचा रोध दिव्यांच्या रोधाएवढा झाला की ती सर्वाधिक होते आणि त्यानंतर उतरते. जोडात ३० वॅट उष्णता निर्माण होत असते, तेव्हा फ्यूजमधून नेहमीच्या निम्माच प्रवाह जात असतो. फ्यूजच्या दृष्टीने ही सर्वांत आरामाची स्थिती! रेडिओ दुरुस्त करणारे वापरतात ती डाख द्यायची साधी इस्त्री २५ वॅटची असते. तेवढी उष्णता सुपारीएवढ्या प्लास्टिकच्या घरट्यात कोंडली, तर काय होईल ते सांगायला नको.

गॅरेजातल्या प्रश्नाचे उरलेले उत्तर द्रवणांकात आहे. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते. अशा जोडण्यांच्या खोक्यांसाठी नेहमी वापरले जाणारे नायलॉन जातीचे प्लास्टिक साधारण २२० ते २६० अंशांना वितळते. त्यामुळे खुद्द फ्यूजच्या पायाशीच जोड बिघडला असेल, तरीही पुष्कळदा आधी खोका वितळतो आणि पट्टी शाबूत राहते.

दोन धातू भेटतात कुठे?

जोडाचा रोध मुळात वाढतो कशाने? दोन गुळगुळीत पत्रे एकमेकांवर दाबले की ते सगळीकडे टेकले असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते दोन फणस एकमेकांवर टेकवल्यासारखे असतात : काही काट्यांची टोके टेकतात, बाकी सगळी मोकळी जागा. विद्युत जोडांचा आयुष्यभर अभ्यास करणारे स्वीडिश शास्त्रज्ञ रॅग्नार होल्म यांनी या सूक्ष्म स्पर्शबिंदूंचे गणित मांडले. सगळा प्रवाह या मोजक्या बिंदूंतून दाटीवाटीने जातो. स्प्रिंगचा दाब जास्त असेल तर टोके चेपतात आणि स्पर्शाची जागा वाढते. दाब कमी झाला किंवा मध्ये गंजाचा थर आला, की बिंदू कमी होतात आणि रोध वाढतो.

आता मालवणचा किनारा डोळ्यांसमोर आणा. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लाटा फुटताना उडणारे खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि पाणी उडून गेल्यावर मिठाचे कण मागे राहतात. मिठाचा एक गुण कोकणातल्या प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे : पावसाळ्यात त्याला पाणी सुटते. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी शोषून स्वतःच त्यात विरघळते. म्हणजे पावसाचा एक थेंबही आत न शिरता जोडावर मिठाच्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. दोन वेगवेगळे धातू आणि त्यांच्यामध्ये खारे पाणी ही तर घटमालेचीच रचना झाली. त्यात एक धातू झिजणार हे ठरलेलेच. तांब्यावर जमणारी हिरवट पूड म्हणजे त्याचे क्लोराइडयुक्त क्षार.

यावर उपाय म्हणून टर्मिनलला कथिलाचा मुलामा दिलेला असतो. आपल्या पितळी भांड्यांच्या कल्हईसारखाच! कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी कळकते, तसा मुलामा झिजलेला जोडही लवकर काळवंडतो. झिजायचे मुख्य कारण म्हणजे गाडीची थरथर. खडबडीत रस्त्यावर जोडाचे दोन भाग एकमेकांवर केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतर पुढेमागे घासतात. प्रत्येक घासणीत थोडी कल्हई निघते, उघड्या पडलेल्या धातूचे ऑक्साइड बनते आणि त्याची पूड स्पर्शबिंदूंमध्ये साचते.

यापुढचा प्रवास घसरगुंडीसारखा असतो. रोध वाढला की जोड तापतो. तापला की ऑक्साइड अधिक वेगाने बनते आणि स्प्रिंगचा ताण मऊ पडतो. ताण गेला की दाब कमी होतो आणि रोध आणखी वाढतो. कित्येक महिने ०.०१ ओहमजवळ रेंगाळलेला जोड पुढच्या पायऱ्या मात्र भराभर उतरतो.

मोठा फ्यूज हा उपाय नव्हे

फ्यूजच्या पायाशीच जोड वाईट असेल, तर कधी कधी याच्या उलटही घडते. एरवी फ्यूजची पट्टी आपली उष्णता पायांवाटे बाहेर टाकत असते. पायच तापलेले असतील तर ती उष्णता अडकते आणि नेहमीच्याच प्रवाहाला फ्यूज उडतो. नवा घातला तरी आठवड्याने तोही उडतो. मग कोणीतरी सुचवते, "त्यापेक्षा तीसचाच टाका." काही ठिकाणी तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली जाते.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. फ्यूजचा आकडा तारेला सोसेल एवढा असतो. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. तिच्यातून १० अँपियर गेले तर दर मीटरला १.७ वॅट उष्णता होते. ३० अँपियर गेले तर नऊपट, म्हणजे सुमारे १५ वॅट. ही तार इतर वीस-पंचवीस तारांबरोबर जुडीत, गालिच्याखाली बांधलेली असते. तिचे आवरण मऊ पडले की दोन तारा एकमेकींना चिकटतात. बॅटरी तर इंजिन सुरू करताना शंभराहून अधिक अँपियर सहज देते. वाढवलेला फ्यूज त्यातले ३० अँपियर निमूटपणे जाऊ देतो. गाडीला आग लागण्याचा हा एक सरळ रस्ता आहे.

घाटात उजेड हवा म्हणून १०० वॅटचे दिवे बसवणे हाही असाच प्रकार. दोन दिव्यांचे २०० वॅट म्हणजे १६.७ अँपियर. १५ अँपियरच्या फ्यूजच्या दृष्टीने हे जेमतेम १११ टक्के होतात, म्हणून तो बहुधा उडत नाही. पण मंडलातल्या प्रत्येक तारेतली आणि जोडातली उष्णता मात्र जवळजवळ २.८ पट होते.

दोष शोधायचा कसा?

पहिला पुरावा फ्यूजच देतो. पट्टी मध्येच स्वच्छ तुटली असेल, तर भार थोडा जास्त झाला असावा. आतून काळपट धातूचा लेप उडाला असेल, तर कुठेतरी तारा थेट भिडल्या आहेत. पट्टी शाबूत, पण पायांजवळचे प्लास्टिक करपलेले असेल, तर फ्यूज निर्दोष आहे आणि त्याला धरणारा चिमटा दोषी आहे.

दुसरा पुरावा मल्टीमीटरचा. पुष्कळ जण गाडी बंद करून ओहमच्या पट्ट्यावर तार तपासतात आणि मीटरने 'टीं' केले की तार चांगली ठरवतात. येथे फसगत होते. मीटर तारेतून फार थोडा प्रवाह पाठवतो. तारेच्या वीस धाग्यांपैकी एकच उरला असला तरी मीटर खूश असतो. साकवावरून एक माणूस पार झाला म्हणून त्यावरून मालाने भरलेला ट्रक जाईल असे नाही. शिवाय ०.१ ओहम हा रोध साध्या मीटरला भरवशाने मोजताही येत नाही.

म्हणून जोड तपासायचा तो पूर्ण प्रवाह वाहत असताना. दिवे लावा. मीटर एकदिश व्होल्टच्या लहान पट्ट्यावर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या धन खांबाला आणि काळे टोक दिव्याच्या धन टर्मिनलला लावा. मीटर दाखवील तो आकडा म्हणजे वाटेत वाया गेलेले विभवांतर. आता एकेक जोड ओलांडत टोके जवळ आणा. निरोगी जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा कमी आकडा यावा. आपल्या हिशेबातल्या ०.१ ओहमच्या जोडावर तो ०.९ व्होल्ट येईल. जिथे आकडा उडी मारतो, तिथे दोष. हीच तपासणी दिव्याचे ऋण टर्मिनल आणि बॅटरीचा ऋण खांब यांच्यातही करायची, कारण परतीचा प्रवाह गाडीच्या पत्र्यातून येतो आणि पत्र्यावरचा तो एक बोल्ट किनाऱ्यावर सर्वांत आधी गंजतो.

०.९ व्होल्टचा तोटा क्षुल्लक वाटेल. पण अशा दिव्याचा उजेड विभवांतराच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. १२ व्होल्टचे ११.१ झाले की उजेड जवळजवळ पाव भागाने घटतो. मंदावलेला दिवा हीच जोडाने वेळेवर दिलेली सूचना असते.

दुरुस्तीही याच विचाराने करावी. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. करपलेला चिमटा आणि काळवंडलेला तारेचा भाग कापून टाकून, चकचकीत तांबे दिसेल तिथपासून नवे टर्मिनल योग्य हत्याराने दाबून बसवावे. पॉलिश पेपरने घासल्यास जोड तात्पुरता सुधारतो, पण उरलीसुरली कल्हई जाते आणि सैल पडलेली स्प्रिंगही घट्ट होत नाही. बॅटरीच्या खांबांवर जोड आवळून झाल्यानंतर व्हॅसलीनचा हात फिरवावा, म्हणजे खारी हवा आत शिरत नाही. वाळूत फिरलेली गाडी गोड्या पाण्याने धुवावी. एक इशारा : विजेवर चालणाऱ्या मोटारींत नारिंगी आवरणाच्या तारांत शेकडो व्होल्ट असतात. वर दिलेली कोणतीही तपासणी त्या तारांवर करायची नाही.

गाडीबाहेरचे जोड

हा नियम काही मोटारीपुरता नाही. अमेरिकेत १९६५ ते १९७३ या काळात तांबे महागल्यामुळे लाखो घरांत ॲल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा चिवट थर येतो आणि स्क्रूखाली दाबलेली तार कालांतराने सैल पडते. २८ एप्रिल १९७४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हॅम्प्टन बेज येथे एका घराला आग लागून दोघांचा मृत्यू झाला. कारण निघाले प्लग पॉइंटमधला ॲल्युमिनियमचा सदोष जोड. पुढे अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने तपास केला. जुन्या ॲल्युमिनियम तारांच्या घरांत एखादा जोड आगीच्या धोक्याइतका तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट अधिक आढळली. फ्यूज आणि एमसीबी त्या घरांतही होतेच.

वर्गात करून पाहा

साहित्य : टॉर्चचे चार मोठे सेल एकसरीत, ६ व्होल्टचा टॉर्चचा दिवा, जोडतारा, शिसपेन्सिलचे पूर्ण लांबीचे शिसे आणि भांडी घासायच्या अगदी बारीक तारेच्या काथ्यातले काही धागे. जाड, चकचकीत वळ्यांचा काथ्या चालणार नाही.

१. काथ्याचा एक धागा 'फ्यूज' म्हणून दिव्याच्या एकसरीत जोडा. दिव्याच्या नेहमीच्या प्रवाहालाच तो जळाला, तर दोन-तीन धागे एकत्र घ्या. फ्यूजचा आकडा म्हणजे काय, ते मुलांना येथेच कळेल.

२. दिव्याची दोन टोके क्षणभर तारेने जोडा. धागा लाल होऊन तुटेल. धागा फरशीच्या तुकड्यावर ठेवा, कागद आणि कापूस दूर असू द्या.

३. नवा धागा लावा. आता मंडलात 'वाईट जोड' म्हणून पेन्सिलचे शिसे घाला. दिवा मंद होईल, धागा शाबूत राहील. शिशाच्या दोन टोकांमधले विभवांतर आणि मंडलातला प्रवाह मोजून त्यांचा गुणाकार करा. शिशात किती वॅट उष्णता होते?

४. शिशाची मंडलातली लांबी कमी-जास्त करून हीच मोजणी पाच-सहा वेळा करा आणि आलेख काढा. उष्णता सर्वाधिक कुठे होते? त्या वेळी धाग्यातून जाणारा प्रवाह सुरुवातीपेक्षा जास्त होता की कमी?

प्रयोग झाल्यावर मुलांना शाळेतून एक फेरी मारायला सांगा. कोणत्याही वस्तूला हात न लावता, कोणत्या प्लग पॉइंटचे प्लास्टिक तपकिरी पडले आहे, कोणत्या बटणाजवळ करपल्याचा वास येतो, कोणता दिवा पंखा लावल्यावर फडफडतो, याची यादी करायची आणि ती मुख्याध्यापकांमार्फत वायरमनला द्यायची. मुख्य फळीवरचा फ्यूज किती दिवसांत गेलेला नाही, हे त्या यादीत लिहायची गरज नाही.